भाषा शिकविण्यास कोठे जावे? : परदेशातील इंग्रजीचा वर्ग आणि आपला परिसर



शहापूरच्या अभ्यासकेंद्रावर रविवारची संपर्क सत्रे घेताना एक प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो. सत्र संपलेले असते, कोणाला आसनगावहून गाडी पकडायची असते, मुरबाडकडे जाणाऱ्यांना एस. टी. चुकवायची नसते, तरीही कोणीतरी दाराशी थांबते आणि विचारते, ‘सर, बी. ए. झाल्यावर परदेशात इंग्रजी शिकवायला जाता येते म्हणतात. कोणता देश बरा?’ विचारणारी व्यक्ती कधी अंगणवाडी सेविका असते, कधी कारखान्यात पाळीने काम करणारा तरुण, तर कधी मुलांना शाळेत घालून स्वतः पुन्हा वही हाती घेतलेली आई. पूर्वी मी या प्रश्नावर हसून ‘आधी ही परीक्षा तर द्या’ असे म्हणत असे. ते हसणे चुकीचे होते, हे मला एका विद्यार्थ्यामुळे कळले. त्याची हकीकत ओघात येईलच.

मराठीच्या अभ्यासक्रमात हा विषय कशासाठी, अशी शंका तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. भाषा कोठे शिकवावी हा प्रश्न वरवर पाहता नोकरीचा, पगाराचा आणि व्हिसाचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी भाषाविज्ञानातील तीन प्रश्न आहेत. जी भाषा शिकवायची ती त्या ठिकाणी कोणाची आहे? शिकणाऱ्याला ती कशासाठी हवी आहे? आणि तिच्या शेजारी, शिकणाऱ्याच्या तोंडात, कोणती भाषा आधीपासून नांदते आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधल्यावाचून देशाचे नाव सांगणे म्हणजे रोग न तपासता औषध देणे होय.

इंग्रजीची तीन वर्तुळे

श्रीनगर येथे जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अध्यापन केलेले भाषावैज्ञानिक ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये जगातील इंग्रजीचे वर्णन तीन वर्तुळांच्या साहाय्याने केले. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असे देश येतात; तेथे बहुसंख्य लोकांची ती घरची भाषा आहे. दुसरे, बाहेरचे वर्तुळ भारत, नायजेरिया, केनिया, सिंगापूर अशा देशांचे. साम्राज्याच्या काळात इंग्रजी येथे आली आणि साम्राज्य गेल्यावरही न्यायालयात, विद्यापीठात आणि कार्यालयात राहिली. घरात ती क्वचितच असते, पण भोवताली असते. तिसरे, विस्तारते वर्तुळ जपान, चीन, कोरिया, थायलंड यांसारख्या देशांचे. तेथे इंग्रजीला राज्यकारभारात स्थान नाही. ती परकीय भाषा म्हणून शिकली जाते, व्यापारासाठी, प्रवासासाठी, परीक्षेसाठी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्तुळातील भेद नीट समजून घ्या, कारण ‘द्वितीय भाषा’ आणि ‘परकीय भाषा’ या संज्ञा परीक्षेत अनेकदा एकमेकींच्या जागी लिहिल्या जातात. शहापूरमधील मुलगा इंग्रजी शिकतो तेव्हा वर्गाबाहेरही ती त्याला भेटते: औषधाच्या पाकिटावर, रेल्वेच्या उद्घोषणेत, मोबाईलच्या पडद्यावर, ‘टाइमपास’ आणि ‘टेन्शन’ या रोजच्या शब्दांत. तो ती चुकतमाकत वापरतो आणि वापरता वापरता शिकतो. जपानमधील एखाद्या लहान गावातील मुलाला वर्गाचे दार ओलांडले की इंग्रजीची गरजच भासत नाही. म्हणून तेथील शिक्षकाला भाषा शिकविण्याबरोबर तिचे वातावरणही वर्गातच निर्माण करावे लागते. आपल्याकडे ‘घोका आणि लिहा’ या पद्धतीने शिकवून निभावून गेलेला शिक्षक तेथे पहिल्याच आठवड्यात उघडा पडतो.

काचरूंची विभागणी आज जशीच्या तशी लागू पडत नाही. आखाती देशच पाहा. त्यांना तिसऱ्या वर्तुळात घालावे, तर दुबईच्या दुकानात मालक, नोकर आणि गिऱ्हाईक या तिघांमधली भाषा बहुधा इंग्रजीच असते. तरीही निवड करताना ही वर्तुळे उपयोगी पडतात, कारण शिक्षकाची मागणी कोठे आहे आणि मान कोठे आहे, यांतील विसंगती त्यांच्यामुळे स्पष्ट दिसते. इंग्रजीच्या शिक्षकांना मोठी मागणी आहे ती तिसऱ्या वर्तुळात. परंतु त्या वर्तुळातील अनेक देशांना शिक्षक हवा असतो तो पहिल्या वर्तुळातला. आपण दुसऱ्या वर्तुळातले!

दक्षिण कोरियाचे उदाहरण घ्या. परकीय भाषेच्या शिक्षकांसाठी त्या देशाचा जो व्हिसा आहे, तो इंग्रजीच्या बाबतीत सामान्यतः सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत आणि कोरिया यांच्यातील आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला आणि त्यात भारतीयांसाठी सहायक इंग्रजी शिक्षकाची एक वाट ठेवली गेली. पण ती इंग्रजीच्या अध्यापनाची रीतसर अर्हता असणाऱ्यांसाठी आहे. केवळ मराठीची बी. ए. पदवी घेऊन त्या वाटेने जाता येत नाही. हे कटू वाटले तरी आताच माहीत असलेले बरे.

‘मूळ भाषक’ म्हणजेच चांगला शिक्षक का?

या अटीमागे एक गृहीतक आहे: ज्याची ती मातृभाषा, तोच ती उत्तम शिकवू शकतो. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये या समजुतीवर कठोर टीका केली. हंगेरीचे पीटर मेजेश यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात उलट बाजू मांडली. ज्याने स्वतः ती भाषा कष्टाने शिकली आहे, त्याला तिच्यातील खाचखळगे ठाऊक असतात. शिकणारा कोठे अडखळेल हे तो आधीच ओळखतो.

याची प्रचीती इंग्रजीऐवजी मराठीतच घ्या. ‘चार’ आणि ‘चारा’ हे शब्द मोठ्याने उच्चारा. पहिल्यातला ‘च’ आणि दुसऱ्यातला ‘च’ एक नाहीत. ‘माझा’ म्हणताना ‘झ’चा उच्चार एक, ‘माझी’ म्हणताना दुसरा. ‘त्याचा’ आणि ‘त्याची’ यांतही तेच. लिपीत हा भेद दाखविलेला नाही, शाळेत कोणी शिकविलेला नाही, आणि तरीही आपल्यापैकी कोणी तो कधी चुकत नाही. आता एखादा जर्मन विद्यार्थी तुम्हांला विचारतो, ‘च केव्हा असा आणि केव्हा तसा म्हणायचा?’ काय सांगाल? इ, ई, ए आणि य यांच्या आधी एक उच्चार येतो, इतरत्र बहुधा दुसरा, पण ‘चार’सारखे आणि अनेक तत्सम शब्द त्याला अपवाद आहेत, हा नियम मूळ भाषकाला सांगता येत नाही; तो त्याला केवळ पाळता येतो. भाषा येणे आणि भाषा शिकविता येणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

आता त्या विद्यार्थ्याची हकीकत. मुरबाड बाजूच्या एका गावातील हा तरुण, बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला असताना एका दलालामार्फत आग्नेय आशियातील एका देशात ‘इंग्रजी शिक्षक’ म्हणून गेला. दलालाने मोठी रक्कम घेतली होती. त्यासाठी घरच्यांनी कर्ज काढले. व्हिसा होता पर्यटकाचा. एका खाजगी शिकवणीत त्याला लहान मुलांचा वर्ग मिळाला आणि दोन महिन्यांनी तो परत आला. आपण फसलो याचे त्याला दुःख होतेच, पण मला भेटल्यावर तो जे बोलला ते मी विसरलो नाही. तो म्हणाला, ‘सर, एका मुलीने विचारले, व्ही आणि डब्ल्यू वेगळे कसे म्हणायचे? मी दोन्हीला व म्हणून दाखवले. ती म्हणाली, दोन्ही सारखेच ऐकू येतात. मला कळेचना, मी काय सांगू!’

दलालाने त्याला फसविले हे खरे. परंतु त्या प्रश्नापुढे तो निरुत्तर झाला त्याला माझ्यासारखे शिक्षकही जबाबदार होते. वर्णविचाराचे दोन तास आम्ही घेतले होते, कंठ्य-तालव्य-दंत्य ही यादी फळ्यावर लिहून दिली होती. ती यादी म्हणजे स्वतःच्या तोंडात काय घडते ते पाहण्याचे साधन आहे, हे मात्र सांगायचे राहून गेले होते. मराठीच्या ‘व’मध्ये वरचे दात खालच्या ओठाला हलकेच लागतात, इंग्रजी ‘व्ही’मध्ये ते घट्ट टेकतात आणि हवा घासून बाहेर पडते, ‘डब्ल्यू’मध्ये दातांचे काम नसते, ओठांचा चंबू होतो. तीन वाक्यांत सांगता येण्याजोगी ही गोष्ट. तो तरुण आज शहापुरात एका दुकानात हिशेब लिहितो. कर्ज गेल्या वर्षी फिटले.

‘पानी’ आणि ‘बेबर’

येथे तुमच्या पदरी असलेल्या एका भांडवलाकडे लक्ष वेधायचे आहे. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत वाढलेल्या माणसाच्या कानावर लहानपणापासून किती बोली पडतात, याची नोंद आपण सहसा करीत नाही. कुणबी, आगरी, ठाकर, महादेव कोळी, वारली, कातकरी ही समाजांची नावे तशी बोलींचीही. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) उत्तर कोकणातील अशा बोलींचे नमुने नोंदविलेले आहेत. पुढे अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीत ठाण्याच्या वारलीचा स्वतंत्र अभ्यास केला.

या परिसरातील अनेक बोलींत ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. शाळा होते ‘शाला’, पाणी होते ‘पानी’. आगरीत याखेरीज दोन स्वरांमधला ‘ड’ ‘र’कडे झुकतो, आणि गाडीची ‘गारी’ होते. हे उच्चार अशुद्ध नाहीत. त्या बोलींच्या वर्णव्यवस्थेत तो भेदच केलेला नाही, इतकेच. ज्या भाषेत दोन ध्वनींत भेद केला जात नाही, तिच्या भाषकाच्या कानाला ते दोन ध्वनी एकच ऐकू येतात.

आता हेच तत्त्व घेऊन आखातात चला. अरबीत ‘प’ हा वर्ण नाही, ‘ब’ आहे. अरबी भाषक विद्यार्थी इंग्रजी ‘पेपर’ला ‘बेबर’ म्हणतो आणि आपण वेगळे काही म्हणालो असे त्याला वाटतही नाही. जपानी विद्यार्थ्याला इंग्रजी ‘एल’ आणि ‘आर’ यांत फरक ऐकू येत नाही. मराठी माणूस ‘पिन’ म्हणतो तेव्हा इंग्रजाला ते ‘बिन’ ऐकू येण्याचा संभव असतो, कारण इंग्रजीत शब्दारंभीचा ‘प’ श्वासाच्या झोताबरोबर, जवळजवळ आपल्या ‘फ’सारखा उच्चारला जातो. ‘पानी’ म्हणणारे ठाकराचे मूल आणि ‘बेबर’ म्हणणारा अरबी मुलगा एकाच बाकावर बसलेले आहेत. एकाचे मर्म ज्याला कळले, त्याला दुसऱ्याचेही कळेल.

मला ते वेळेवर कळले नव्हते. अध्यापनाच्या आरंभीच्या वर्षांत मी मुरबाड तालुक्यातील एका शाळेत पाहुणा म्हणून गेलो असता, वाचन करणाऱ्या एका मुलीला ‘पानी नव्हे, पाणी’ म्हणून तीनदा थांबविले. चौथ्यांदा तिने पुस्तक मिटले. वर्षाअखेर पुन्हा गेलो तेव्हा तिच्या शिक्षकांनी सांगितले की ती वर्गात मोठ्याने वाचतच नाही. भाषाविज्ञानात डॉक्टरेट करण्यासाठी मी नाव नोंदविले ते त्यानंतर. या दोन गोष्टींचा संबंध जोडणे सोयीचे आहे, पण खरे सांगायचे तर मी नाव नोंदविले ते पदोन्नतीसाठी. ती मुलगी आठवू लागली ती नंतर, प्रबंधासाठी बोलींचे ध्वनिमुद्रण करताना.

याआधी कोण कोठे गेले

भाषा शिकविण्यासाठी घर सोडणारी माणसे मराठी प्रदेशाला नवीन नाहीत. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील जोगिणींच्या आश्रमात त्या इंग्रजी शिकत आणि त्या जोगिणींना मराठी शिकवीत. भाषेच्या बदल्यात भाषा, असा तो व्यवहार होता. पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला तेव्हा भारतातील इंग्रज बिशपांनी हरकत घेतली, आणि रमाबाईंनी त्या हरकतीला पत्रांतून ठाम उत्तर दिले. ‘कोण कोणाला शिकवू शकतो’ हा वाद त्या काळातही पारपत्रापुरता नव्हता.

दुसरे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस पाली शिकण्यासाठी श्रीलंका आणि ब्रह्मदेशापर्यंत गेला. कलकत्ता विद्यापीठात पालीच्या अध्यापनाचे स्थान मिळालेले असताना सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला: महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे, वर्षाला एक ग्रंथ लिहावा, दरमहा ५० रुपये मिळतील. कोसंबींनी कलकत्ता सोडले. पगाराने पाहिले तर हा तोट्याचा सौदा होता. परंतु पाली आणि बौद्ध विद्या मराठी माणसांपर्यंत पोहोचावी ही त्यांची इच्छा होती आणि तिची पूर्तता कलकत्त्यात होण्याजोगी नव्हती. गंमत अशी की महाराष्ट्रात आल्यावरच त्यांना हार्वर्डचे बोलावणे आले. तेथून परतून त्यांनी १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली, आणि १९२९ मध्ये ते लेनिनग्राडलाही गेले. म्हणजे त्यांनी एकदाच कायमची निवड केली असे नाही. जाणे आणि परतणे त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा घडले.

तिसरे उदाहरण उलट दिशेचे आहे आणि आपल्या विषयाला सर्वांत जवळचे. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन तरुणी १९६१ मध्ये भारतात आल्या आणि हैदराबादेत इंग्रजी शिकवू लागल्या. परदेशात इंग्रजी शिकवायला गेलेल्या पहिल्या वर्तुळातील त्या शिक्षिका. आज जिला जगभर मागणी आहे, तशीच पात्रता त्यांच्यापाशी होती. हैदराबादेत त्यांची गाठ मराठी माणसांशी पडली, त्या मराठी शिकल्या. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी त्यांनी सातारा जिल्ह्यातील फलटणच्या बोलीतील सामाजिक भेदांचा अभ्यास केला. कोणत्या जातीत, कोणत्या थरात, कोणते रूप बोलले जाते, हा त्या प्रबंधाचा विषय. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परकीयांना मराठी शिकविण्यासाठी पाठ्यपुस्तके तयार केली. १९७८ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. फलटणमध्ये शाळेबाहेर पडलेल्या मुलांना वाचायला शिकविता शिकविता १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली.

या कथेकडे त्यागाची कथा म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. मला ती तशी वाटत नाही. त्यांना जो प्रश्न महत्त्वाचा वाटला, म्हणजे घरी वेगळी मराठी बोलणारे मूल पुस्तकातली मराठी वाचायला कसे शिकते, तो प्रश्न फलटणमध्ये जिवंत होता. संशोधक आपल्या प्रश्नाजवळ राहायला गेली, इतका सरळ अर्थ मी त्यातून काढतो. इंग्रजी शिकवायला आलेली व्यक्ती मराठी शिकवू लागली, कारण तिने शिकणाऱ्याच्या तोंडातील भाषा ऐकली.

आपल्या दाराशी

काचरूंच्या वर्तुळांचा नकाशा मराठीलाही लावून पाहता येतो. पश्चिम महाराष्ट्रातील किंवा विदर्भातील घरात ती मातृभाषा. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मजुरांच्या वंशजांसाठी ती वारसाभाषा. घरात क्रियोल बोलली जाते, आणि मराठी शाळेत पूर्वजांची भाषा म्हणून शिकविली जाते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या भाषेच्या अध्ययनाची सोय आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा सुटीच्या दिवशी भरतात आणि तेथे शिकविणारे बहुतेक पालकच, स्वेच्छेने येणारे. वारसाभाषेच्या वर्गात मुलाला ‘आजी काय म्हणाली’ ते समजते, पण उत्तर इंग्रजीत येते. तेथे व्याकरणापेक्षा बोलण्याची भीड मोडणे हे काम मोठे.

आणि शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर? तेथे मराठी काही मुलांसाठी द्वितीय भाषाच असते, मात्र तिला कोणी तसे म्हणत नाही. कातकरी हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. त्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तकातील मराठी त्याने पुरती ऐकलेली नसते. ती कानाला बसू लागते तोवर बिऱ्हाड हलते. संविधानाच्या ३५० (क) या अनुच्छेदाने प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी करण्याचे राज्यांना सांगितले आहे. परंतु त्या सोयीला लागणारा शिक्षक, दोन्ही भाषा जाणणारा, ही खरी दुर्मीळ वस्तू. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. भाषेच्या शिक्षकांचेही मला कधीकधी तसेच होताना दिसते. असो.

महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. त्या वर्षी पहिलीत गेलेली मुले आज तिशीत आहेत. तुमच्यापैकी काही जण त्यांतलेच असतील. म्हणजे ठाकरवाडीतील मुलाला एकाच वर्षी दोन नव्या भाषा भेटतात, पुस्तकी मराठी आणि इंग्रजी. इंग्रजी शिकविण्याची याहून अवघड आणि भाषावैज्ञानिकदृष्ट्या याहून कुतूहलाची जागा मला तरी ठाऊक नाही. पगार मात्र आखाताइतका नाही, आणि कायम नेमणुकीसाठी शिक्षक पात्रता परीक्षेपासूनची वाट लांब आहे. घरात आजारी माणूस किंवा डोक्यावर कर्ज असेल, तर ‘येथेच राहा’ असे तुम्हांला सांगण्याचा अधिकार मला नाही.

जागा म्हणजे केवळ गाव किंवा देश नव्हे, वेळ आणि वयही असते, हे मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाने दाखविले. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी वर्गात बसू लागल्या. दुपार निवडली ती घरकाम आणि शेतकाम सांभाळून येता यावे म्हणून. या विद्यार्थिनींना भाषा उत्तम येत होती, लिपी येत नव्हती. अंगठ्याऐवजी सही करणे, पोथी स्वतः वाचणे हे त्यांचे हेतू. मूल भाषा आणि लिपी दोन्ही एकदम शिकते. प्रौढाला भाषा अवगत असते. म्हणून बालभारतीचा पहिलीचा धडा आजीबाईंना जसाच्या तसा चालत नाही. दूरशिक्षणाने शिकणारे तुम्ही, दिवसाचे काम आटोपून रात्री अकराला पुस्तक उघडणारे, हा भेद माझ्याहून अधिक जाणता.

जायचे ठरविलेच तर

काही व्यावहारिक बाबी थोडक्यात सांगतो. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणारा दलाल १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाखाली नोंदणीकृत असावा लागतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर त्याची नोंद तपासता येते, आणि सेवाशुल्क म्हणून त्याला कमाल ३० हजार रुपये व त्यावरील कर एवढेच घेता येतात. त्याहून अधिक मागणारा माणूस कितीही गोड बोलला तरी उठून यावे. पर्यटक व्हिसावर शिकविणे म्हणजे बेकायदा काम. ‘तेथे गेल्यावर बदलून घेऊ’ या आश्वासनावर विसंबू नये. पदवीचे प्रमाणीकरण आधी करून घ्यावे. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, म्हणून त्या करारातील देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का पुरतो. इतर देशांसाठी त्यांच्या वकिलातीचाही लागतो.

मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट आणखी विचारावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी भारतात नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. परदेशी शिक्षणखात्यांवर तो नियम बंधनकारक नाही. म्हणून कर्ज काढण्यापूर्वी ‘दूरशिक्षणाची पदवी चालेल का’ हा प्रश्न त्या शाळेला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. इंग्रजीच शिकवायची असेल तर तिच्या अध्यापनाची स्वतंत्र पदविका हवी. हैदराबादची इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ ही संस्था, जी १९५८ मध्ये केंद्रीय इंग्रजी संस्था म्हणून स्थापन झाली, अशा प्रशिक्षणासाठी प्रसिद्ध आहे.

आणि देश निवडताना आरंभीचे तीन प्रश्न त्या-त्या शाळेलाच विचारा. मुलांची घरची भाषा कोणती? वर्गाबाहेर त्यांना इंग्रजी कोठे भेटते? ती त्यांना परीक्षेसाठी हवी आहे की बोलण्यासाठी? उत्तर देण्याची तसदी न घेता केवळ तुमचे छायाचित्र मागणारी शाळा सोडून द्यावी.

स्वयं-अध्ययनासाठी

१. आपल्या घरातील किंवा शेजारच्या पाड्यावरील साठीच्या पुढच्या एका व्यक्तीशी पंधरा मिनिटे बोला. तिच्या अनुमतीने बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. पुस्तकी मराठीहून वेगळे असे दहा शब्द निवडून त्यांतील भेद कोणत्या वर्णात आहे ते लिहा. ‘अशुद्ध’ हा शब्द वापरू नका.

२. ‘चार–चारा’ यांसारख्या आणखी पाच जोड्या शोधा आणि त्यांतील उच्चारभेद, मराठी मुळीच न येणाऱ्या माणसाला समजेल अशा रीतीने, ओठ, दात आणि जीभ यांच्या स्थितीवरून सांगा.

३. पुढील संपर्क सत्राला येताना पहिल्या प्रश्नातील ध्वनिमुद्रण सोबत आणा. आपण ती एकत्र ऐकू. गाडीची वेळ पाहून सत्र अर्धा तास लवकर सुरू करू.